दोन्ही अंगांनी सुलट

सीताफळाची पाने फांदीवर दोनच रांगांत लागतात, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. सारे आयुष्य अंबाजोगाईत गेले. बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ कुठे नाही? बांधावर आहे, खडकाच्या कपारीत आहे, धारूरच्या घाटात तर रस्त्याच्या दोन्ही कडांनी आहे. लहानपणी टोपल्यांनी आलेली फळे आम्ही कडब्यात अढी घालून पिकवली, बी कुणाची लांब उडते याच्या पैजा लावल्या. झाडाकडे मात्र कधी नीट पाहिले नाही. पाहिले ते विणायला घेतल्यावर. एक पान उजवीकडे, थोडे वर दुसरे डावीकडे, आणखी वर पुन्हा उजवीकडे. आणि प्रत्येक पानापाशी फांदी किंचित वळते, सरळ अशी जातच नाही. आंब्याची पाने फांदीच्या शेंड्याशी चहूबाजूंनी गोळा होतात. रुईच्या पानांची एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर पुढची दक्षिणोत्तर. सीताफळाची फांदी जात्याच सपाट. जमिनीवर अंथरली तरी पान दुमडत नाही. कापडावर उतरण्यासाठी तिने आधीच अंग पसरून ठेवले आहे.

शाल विणायची ठरवली तेव्हा डोक्यात सीताफळ नव्हते. ब्रिऑश नावाची फुगीर वीण मी नुकतीच शिकले होते, जाळीची वीण आधीपासून येत होती. या दोन्ही विणी एकत्र आणून वेलीपानांची एक शाल करावी, एवढेच मनात होते. त्यासाठी एक परदेशी नमुना घेतला. त्यातले पान देठाशी निमुळते, मध्ये रुंद, टोकाशी पुन्हा निमुळते. विणकामात सगळीकडे भेटणारे पान. वीतभर झाले तेव्हा ते आत्याच्या मांडीवर ठेवले. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दृष्टी अधू झाली आहे, पण बोटांना अजून सगळे दिसते. तिने एका पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

“हे कशाचं पान आहे गं?”

“कशाचं असं नाही आत्या. नुसतं पान आहे.”

“नुसतं पान कुठं असतंय बाई? पान कशाचं तरी असतंय.”

त्या रात्री मी ती वीतभर वीण उसवली.

आत्याला हे बोलायचा अधिकार आहे. १९६२ साली चीनचे युद्ध झाले तेव्हा ती शाळेत होती. लडाखच्या थंडीत उभ्या असलेल्या जवानांसाठी देशभर बायका-मुली स्वेटर, मफलर, हातमोजे विणत होत्या. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटून तेव्हा उणीपुरी १४ वर्षे झाली होती, आणि आत्याच्या वर्गातल्या मुलींनी बर्फ चित्रातसुद्धा क्वचितच पाहिला होता. बाईंनी फळ्यावर ‘पहिली सुई : दोन सुलट, दोन उलट’ असे लिहिले आणि मुलींनी खाकी लोकरीचे टाके घातले. आमच्या घरात विणीच्या ओळीला ओळ म्हणत नाहीत, सुईच म्हणतात. पहिली सुई विणून झाली, दुसरी सुई उलट. मला आत्याने विणायला शिकवले तेही याच शब्दांत : टाके घालणे, टाका सरकवणे, दोन टाक्यांची जोडी घेणे, सुईवर लोकर घेऊन जाळी पाडणे, टाके बंद करणे, उसवणे. एवढ्या थोड्या शब्दांत सगळे विणकाम बसते. त्यातला उसवणे हा शब्द ती बाकीच्यांइतक्याच सहजपणे उच्चारत असे, म्हणून मलाही उसवण्याचे दुःख कधी झाले नाही.

डोंगरातून फळे घेऊन येणाऱ्या बाईला मी दुसऱ्या दिवशी म्हटले, येताना एक फांदीही आणा. सप्टेंबर होता, सीताफळाचे डोळे नुकते मोठे होऊ लागले होते. तिला नवल वाटले. “पाल्याचं काय करता ताई? शेळीबी तोंड लावत न्हाई त्याला.” खरेच आहे. उग्र वासामुळे जनावरे तो पाला सोडून देतात, म्हणून तर चराईच्या उघड्या डोंगरावरही हे झाड टिकून आहे. पान कशासाठी हवे ते सांगितल्यावर तिने माझ्या हातातले कोवळे पान बाजूला केले आणि फांदीच्या मधले एक जून पान खुडून दिले. “शेंड्याचं घेऊ नका. त्याचं अंग अजून भरलं न्हाई.”

ते पान मी आलेखाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवले. लांबी साडेदहा सेंटिमीटर, रुंदी चारच्या थोडी वर. कागदावर त्याची कड पाहिली आणि त्या परदेशी नमुन्याशी आपले का जमले नाही ते कळले. नमुन्यातले पान वाढत वाढत जाते आणि भरताक्षणी आटू लागते. सीताफळाचे पान देठापासून लवकर रुंदावते, मग बराच वेळ तेवढेच राहते, दोन्ही कडा जवळजवळ समांतर चालतात, आणि शेवटी जरा बोथट अशा टोकाला येऊन मिळतात. त्या न वाढणाऱ्या, न घटणाऱ्या मधल्या टप्प्यातच त्याचे सीताफळपण आहे. विणताना हा टप्पा अवघड. पानाची मधली शीर दिसायची तर तिच्या दोन्ही बाजूंनी जाळी पाडत राहावे लागते, आणि प्रत्येक जाळीने एक टाका वाढतो. टाके वाढले की पान फुगणार. म्हणून जेवढ्या जाळ्या शिरेपाशी पडतील तेवढ्याच जोड्या दोन्ही कडांना घ्यायच्या. आत वाढवायचे, बाहेर घटवायचे, आणि एकूण हिशेब तसाच ठेवायचा. हे साधायला मला तीन आठवडे लागले. नंतर पान उजेडात धरले तेव्हा शिरा मधून निघून कडेकडे तिरप्या जाताना दिसल्या. त्या मी काढल्या नव्हत्या, टाके कडेकडे सरकत गेले त्यातून त्या आपोआप उमटल्या होत्या.

ब्रिऑशचे कसे करायचे ते पान उलटे केल्यावर सुचले. सीताफळाचे पान वरून गडद हिरवे आणि खालून फिकट, निळसर राखेची झाक असलेले. ब्रिऑश दोन रंगांत विणली की अगदी असेच होते. फ्रेंच लोक लोणी-अंडी घातलेल्या फुगीर पावाला ब्रिऑश म्हणतात, आणि ही वीणही तशीच हाताला मऊ आणि फुगलेली लागते. साध्या विणीत प्रत्येक टाका प्रत्येक सुईत विणला जातो. इथे एकाआड एक टाका न विणताच पुढे सरकवायचा आणि त्याच्या खांद्यावर लोकरीचा एक आडवा वेढा ठेवायचा. पुढच्या खेपेला तो टाका आणि वेढा मिळून विणायचे. दोन रंग असतील तर एकाच बाजूने दोनदा जावे लागते. आधी गडद लोकर घेऊन जायचे, मग टाके तारेच्या सुईवर पुन्हा पहिल्या टोकाला सरकवून फिकट लोकर घेऊन तोच रस्ता चालायचा. तेव्हा कुठे एक सुई पुरी होते. लोकरही पुष्कळ खाते. पण हाती येते ते कापड दोन्ही अंगांनी सुलट असते. एका बाजूला गडद हिरवे उभे कंगोरे वर येतात आणि फिकट रंग खोबणीत बसतो, तर दुसऱ्या बाजूला फिकट कंगोरे वर आणि हिरवा खाली. शाल कशीही पांघरा, उलटी होतच नाही.

या विणीत टाके वाढवायचे तर एकाचे तीन करावे लागतात आणि घटवायचे तर तिनाचा एक, नाहीतर एकाआड एकचा ठेका मोडतो. एका कडेला वाढवून दुसऱ्या कडेला घटवले की सगळे कंगोरे एका दिशेला कलतात, काही सुयांनी बाजू बदलली की उलटे कलतात. सीताफळाच्या फांदीचे ते नागमोडी वळण मला इथे सापडले. तेव्हा ठरले : शालीच्या मधून ब्रिऑशची वळत जाणारी फांदी, तिला एकाआड एक ब्रिऑशचीच भरीव पाने, आणि दोन्ही टोकांना जाळीची पाने, विरळ, ऊन आरपार जाईल अशी.

लोकर आपल्या मातीतली असावी असे फार वाटत होते. आपल्याकडची मेंढी दख्खनी. तिच्या काळ्या लोकरीचे सूत धनगरांच्या बायका कातत आल्या, सनगर ते मागावर विणत आले आणि सुताला चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी करत आले. पावसात डोक्यावर घ्या, थंडीत अंगाखाली घाला, घोंगडी दोन्हीकडे उभी राहते. आता तिला गिऱ्हाईक कमी, आणि लोकरीला कातरणीची मजुरी निघेल इतकाही भाव मिळेनासा झाला आहे. रानात वाडा बसवून राहिलेल्या एका आजीबाईंकडून मी थोडे सूत आणले. त्यांनी आधीच सांगितले होते, “ही लोकर पावसाची हाय बाई. शालीची न्हाई. मानेला चावंल.” तरी मी हातभर विणून पाहिले. त्यांचेच खरे ठरले. दख्खनी लोकरीचा धागा जाड आणि राठ, त्यात जाळीची छिद्रे बुजून जातात. शेवटी मऊ लोकर बाहेरूनच मागवावी लागली. याची खंत मला आहे. आपल्या मेंढीची लोकर फेकून द्यावी लागते आणि शालीसाठी दुसरीकडची विकत घ्यावी लागते, हे मला बरोबर वाटत नाही. त्या काळ्या सुताचा हातभर तुकडा मी जपून ठेवला आहे. त्यात फांदी दिसत नाही, पण खडक मात्र दिसतो.

जाळीच्या विणीत आपल्या रानातले झाड आणणारे लोक जगात आहेत. बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनियात हाप्सालू नावाचे गाव आहे. तिथल्या औषधी चिखलाच्या स्नानासाठी एकोणिसाव्या शतकात उन्हाळ्यात लोक येऊन राहत, आणि गावातल्या बायका त्यांना विकण्यासाठी पातळ लोकरीच्या शाली विणत. त्यांचा सर्वांत लाडका नमुना एका रानफुलाचा, वसंतात त्यांच्या जंगलात उमलणाऱ्या, छोट्या घंटांसारख्या पांढऱ्या फुलांच्या तुऱ्याचा. ती घंटा उठून दिसावी म्हणून त्या एकाच टाक्यातून सात-नऊ वेढे काढतात आणि परतीच्या सुईत ते सगळे मिळून विणतात. कापडावर एक टपोरा दाणा उभा राहतो. त्याला त्यांच्या भाषेत नुप्प म्हणतात. दाराबाहेरचे फूल पाहून त्यांनी एक टाका घडवला, आणि आज तो टाका जगभर त्यांच्या भाषेतल्या नावाने ओळखला जातो.

आपल्याकडेही हे झाले आहेच. गोदावरीकाठी पैठण आहे. पैठणीच्या पदरावर कमळ आहे, आसावलीची फुलवेल आहे, काठ नारळी आहे. सीताफळ मात्र मी कुठल्या पदरावर पाहिले नाही. कदाचित ते पाहुणे म्हणून राहून गेले असेल. हे झाड मूळचे अमेरिकेच्या उष्ण भागातले. तिकडून आलेल्या झाडाला लोकांनी सीतेचे नाव दिले, रामफळ शेजारी बसवले आणि घरचे करून टाकले. इतके घरचे की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. दोन सुयांवरचे हे विणकामही मडमांनी आणि मिशनरी बायकांनी इकडे आणलेले. ते आत्याच्या शाळेत पोहोचले तोवर सुलट, उलट, जोडी आणि जाळी झाले होते. सीताफळाला इथल्या मुरमाने आपले मानले, विणकामाला इथल्या भाषेने. या दोघांची गाठ कुणीतरी घालून द्यायला हवी होती.

अंबाजोगाईच्या माणसाला कापड आणि मजकूर हे दोन वेगळे वाटू नयेत. दासोपंतांची पासोडी आमच्या गावातली. १५५१ साली जन्मलेल्या आणि १६१५ साली इथेच देह ठेवलेल्या या दत्तभक्ताने सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर ‘पंचीकरण’ लिहून काढले, ओव्या आणि आकृत्यांसह. पाच महाभूतांची मांडणी, आणि ती कुठे? पासोडीवर. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे पांघरूण. त्यांना कागद माहीत नव्हता असे नाही. त्यांच्या नावावर लाखावर ओव्या आहेत. तरी हे पांघरुणावर लिहिले. त्यामागे त्यांचा काय विचार होता ते मी सांगू शकत नाही, पण नमुन्याची वही मांडीवर आणि शाल सुईवर घेऊन बसले की मला त्यांची आठवण येते. पोथी मिटून ठेवता येते. पांघरूण मात्र उलगडावेच लागते, आणि उलगडले की सगळे एकदम समोर येते.

मे महिन्यात शाल अर्ध्यावर होती आणि सीताफळ फुलले होते. हे फूल सहज दिसत नाही. तीन जाड, लांबट, हिरवट पाकळ्या, खाली मान घालून लोंबणाऱ्या, आणि उमलल्या तरी जेमतेम फाकलेल्या. आधी स्त्रीकेसर तयार होतो, परागकण नंतर सुटतात; बारीक भुंगेरे एका फुलातून दुसऱ्यात शिरतात तेव्हा कुठे फळ धरते. वैशाखाच्या कोरड्या झळांत केसर सुकून जातो आणि बहुतेक फुले वाया जातात. मृगाचा पाऊस पडून हवेत ओल आली की फळधारणा सुधारते. याच दिवसांत एका दुपारी वीज गेलेली, हात घामेजलेले, आणि ब्रिऑशचा एक टाका सुईवरून निसटला. साध्या विणीत निसटलेला टाका शिडी उतरत जातो आणि त्याच शिडीने वर आणता येतो. इथे प्रत्येक पायरीवर टाका आणि त्याचा वेढा अशी दोघे, शिवाय दोन रंग. कोण कुणाचा ते ओळखेपर्यंत आणखी दोन निसटले. मी चौदा सुया उसवल्या. एक पूर्ण पान गेले. त्या दिवसापासून दर पान संपले की पांढरा सुती दोरा सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून काढून ठेवते. काही बिघडले तर उसवण दोऱ्यापाशी येऊन थांबते. हे आधीच करायला हवे होते.

फळ विणावे की नाही यावर बरेच दिवस गेले. सीताफळ म्हणजे एका फुलातल्या अनेक बीजकोशांचा एकत्र वाढलेला घोस. प्रत्येक डोळा हा वेगळा कोश, प्रत्येकाचा गर वेगळा. शालीवर अख्खे फळ जड झाले असते. मग हाप्सालूच्या बायकांचा दाणा घेतला आणि जाळीच्या कडेला तीन रांगा विणल्या, एकमेकींच्या फटीत बसणाऱ्या. आत्याने त्यावर बोटे फिरवली आणि म्हणाली, “डोळे आहेत.” मी तिला काही सांगितले नव्हते.

जाळी सुईवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. तिला कोमट पाण्यात भिजवून, पीळ न घालता टॉवेलमध्ये दाबून, गादीवर टाचण्यांनी ताणून वाळवावे लागते. मेंढीची लोकर पाणी आत घेते, सैलावते आणि वाळताना ताणलेला आकार धरून ठेवते. दुकानात मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिकची. ती पाणी जवळजवळ घेतच नाही आणि टाचण्या काढल्या की पुन्हा आखडते. माझा पहिला तुकडा असाच वाया गेला होता. शाल मी पुढच्या सप्टेंबरात वाळत घातली. जाळीची पाने एकेक करून उघडली. ब्रिऑश फार ताणायची नाही, नाहीतर तिचा फुगीरपणा मरतो. तिला नुसते थोपटून सरळ केले.

बीडसारख्या उन्हाच्या जिल्ह्यात लोकरीची शाल कशाला, असे कुणी विचारते. पौषातल्या रात्री बालाघाटाच्या माळावर घालवल्यावर हा प्रश्न उरत नाही. मला फांदी आणून देणारी बाई सीताफळाचा हंगाम संपला की नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, आणि त्या रात्री ती फडाशेजारच्या खोपीत, वाकळीखाली काढते. गेल्या दिवाळीनंतर ती निघाली तेव्हा शाल झालेली होती. मी ती तिच्या गाठोड्यावर ठेवली. तिने ती उलटसुलट करून पाहिली, जून पानावर बोट टेकवले आणि विचारले, “ह्येच का मी दिलेलं?” 

पानाचा नमुना माझ्याकडे आहे आणि तो कुणीही घ्यावा. सुरुवात एका टाक्यावर. सुलट बाजूच्या पहिल्या चार सुयांत मधल्या टाक्याच्या दोन्ही अंगांना एकेक जाळी. टाके ९ होतात. पुढच्या सहा सुलट सुयांत शिरेपाशी तशाच जाळ्या, आणि दोन्ही कडांना एकेक जोडी. टाके ९ च राहतात. मग जाळी थांबवून तीन सुलट सुयांत फक्त कडांच्या जोड्या. टाके ३ उरतात. चौथ्या सुईत तिन्ही मिळून एक. उलट बाजूच्या सगळ्या सुया उलट. एकूण सुया २८. ज्यांच्या बांधावर पळस आहे, बोर आहे, हिवर आहे, त्यांनी त्यांचे पान असेच गिरवून टाक्यांत उतरवावे आणि मराठीत लिहून ठेवावे. सीताफळाची फांदी सप्टेंबरात आणावी. शेंड्याचे पान घेऊ नये, त्याचे अंग अजून भरलेले नसते.